श्वास मोजण्याचं मिनिट

तान्ह्या बाळाचे श्वास मोजायचे तर पूर्ण साठ सेकंद मोजावे लागतात. तीस सेकंद मोजून दुप्पट करणं चालत नाही, कारण या वयात श्वासाला एकसारखी लय नसते. बाळ चार-पाच श्वास भराभर घेतं, मध्येच क्षणभर थांबतं, पुन्हा सुरू करतं. ते रडत नसावं, अंगावर पीत नसावं, तापानं फणफणलेलं असेल तर आधी ताप उतरवलेला बरा. आईच्या मांडीवरून त्याला उचलायचं नाही, झबलं फक्त वर घ्यायचं आणि पोटाकडे बघत बसायचं. स्टेथोस्कोप नंतर. तो गार लागला की बाळ भोकाड पसरतं आणि मोजणी वाया जाते. बाहेर ओपीडी खच्चून भरलेली असताना डॉक्टरनं असं हात न लावता नुसतं बघत बसणं घरच्यांना चमत्कारिक वाटतं. "मॅडम, तपासा की आता," असं बरोबर आलेली आजी म्हणतेच.

मी बालरोगतज्ज्ञ आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं लहानसं रुग्णालय आहे. पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून थंडी सरेपर्यंत आमच्याकडे येणाऱ्या तान्ह्या बाळांत निम्म्याहून जास्त सर्दी-खोकल्याची, छाती भरलेली, धाप लागलेली असतात. या बाळांना काय द्यायचं आणि काय द्यायचं नाही, यासाठी लिहिलेले नियम माझ्या कामाच्या काळातच इतके बदलले, की त्यांच्याबद्दल सविस्तर लिहावंसं वाटलं.

मोजणीचे आकडे आरोग्य खात्यातल्या प्रत्येक प्रशिक्षणात पाठ करून घेतात. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास, दोन महिने ते एक वर्ष पन्नास किंवा जास्त, पुढे पाच वर्षांपर्यंत चाळीस किंवा जास्त. त्याला जलद श्वास म्हणायचं. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल तर प्रकरण आणखी गंभीर. हे आकडे मोठ्या शहरातल्या रुग्णालयात जन्मलेले नाहीत. फ्रँक शॅन हे ऑस्ट्रेलियन बालरोगतज्ज्ञ पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात, गोरोका इथं काम करत होते. एक्स-रे नाही, प्रयोगशाळा नाही, आणि खोकणारी मुलं शेकड्यांनी. कोणाला अँटिबायोटिक द्यायचं आणि कोणाला दाखल करायचं हे नुसत्या डोळ्यांनी कसं ठरवावं, ते त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत मांडलं. पन्नासच्या वर श्वास आणि आत ओढली जाणारी छाती, एवढ्या दोन खुणांवर त्यांचा भर होता.

आणि त्याच खुणा घेऊन आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावागावांतले आरोग्यदूत आणि दाया तयार केल्या. ज्या दाईला पन्नासपर्यंत मोजता येत नाही तिनं काय करायचं? त्यांनी लाकडी पट्टीवर वाळूचं एका मिनिटाचं घड्याळ आणि मण्यांच्या तारा बसवल्या. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवावा लागला तर न्यूमोनिया, औषध सुरू. १९९० मध्ये त्यांचे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये आले. पाच वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे न्यूमोनियानं होणारे वार्षिक मृत्यू, काम झालेल्या गावांत ८.१ आणि बाकीच्या गावांत १७.५. औषध कोणतं होतं? को-ट्रायमॉक्झॅझोल, अगदी स्वस्तातलं. मला वैद्यकीय मार्गदर्शक नियमांबद्दल जो आदर वाटतो त्याचं मूळ या कामात आहे. एक साधा नियम, तो ज्याच्या हातात द्यायचा त्या माणसाचा विचार करून बनवला, तर काय होऊ शकतं हे माझ्याच राज्यात दिसलं होतं.

पण मी जिथं शिकले त्या वॉर्डात वेगळं चित्र होतं. पहिल्या वर्षाच्या आतली बहुतेक दमणारी बाळं ब्राँकिओलायटिसची असत. आरएसव्ही नावाचा विषाणू फुप्फुसातल्या सगळ्यात बारीक श्वासनळ्यांना लागतो. आतलं अस्तर सुजतं, झडलेल्या पेशी आणि चिकट स्राव यांनी नळी बुजते, आणि बाळ शिट्टीसारखा आवाज करत धापा टाकू लागतं. आवाज दम्यासारखाच, म्हणून उपचारही दम्याचे. दर चार तासांनी सालब्युटामॉलची वाफ, जोडीला स्टेरॉइड, आणि 'छाती भरलीय' म्हणून अँटिबायोटिकचं इंजेक्शन. सालब्युटामॉल श्वासनळीभोवतीचा आवळलेला स्नायू सैल करतं. इथं अडचण स्नायूची नसतेच, सुजेची आणि स्रावाची असते. वाफेनं बाळाच्या काळजाचे ठोके तेवढे वाढायचे. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सच्या २००६ च्या नियमांत निदान एकदा वाफ देऊन बघायला जागा होती. २०१४ च्या नियमांनी तीही काढून टाकली. सालब्युटामॉल नको, स्टेरॉइड नको, सरसकट एक्स-रे नको, जिवाणूंचा संसर्ग असल्याचा पुरावा नसेल तर अँटिबायोटिक नको. पुढच्या वर्षी ब्रिटनच्या 'नाईस' या संस्थेनं जवळपास तेच सांगितलं. उरलं काय? नाक मोकळं ठेवणं, पोटात दूध जाईल असं बघणं, लागला तर ऑक्सिजन, आणि लक्ष ठेवणं.

वाचायला सोपं आहे. आता पंचवीस किलोमीटरवरून जीप करून, उसनवारीनं पैसे घेऊन आलेल्या घरच्यांना सांगायचं, की बाळाला औषध लागणार नाही. त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसतं त्याला मी अविश्वास म्हणणार नाही. ती भीती असते. पोराला बरं नाही आणि डॉक्टर हात आखडता घेतात, मग आता जायचं कुठं? इंजेक्शन दिलं की डॉक्टर आणि घरचे दोघंही सुटतात. न देण्याला मात्र वेळ लागतो. बाळाच्या पोटाकडे बोट दाखवून श्वास मोजून दाखवावे लागतात, आईला मोजायला लावावे लागतात, मिठाच्या पाण्याचे थेंब नाकात कसे सोडायचे ते करून दाखवावं लागतं. नाकात तेल सोडायची पद्धत आमच्याकडे अजून आहे. तेल फुप्फुसात उतरलं तर एक वेगळाच, चिवट न्यूमोनिया होतो, हे आजीला तिचा मान राखून सांगावं लागतं. ओवा-लसणाची धुरी, बाळाच्या खोलीतली शेगडी, हेही त्यातच. मेळघाटात धापणाऱ्या बाळाच्या पोटावर चटके देण्याचे प्रकार आजही ऐकू येतात. काहीतरी करायलाच हवं ही ओढ आई-आजीची जितकी, तितकीच डॉक्टरचीही असते, म्हणून मी कोणाला हसत नाही.

या नियमांतली एक गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते आणि तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. ब्राँकिओलायटिस कोणत्या दिवशी कसा वागतो ते त्यात लिहिलेलं आहे. पहिले दोन दिवस नुसती सर्दी. मग धाप वाढत जाते आणि तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास सगळ्यात जास्त असते. त्यानंतर उतार, पण खोकला मात्र दोन-तीन आठवडे रेंगाळतो. हे आईला आधी सांगितलं नाही तर काय होतं? दुसऱ्या दिवशी मी काही दिलं नाही. चौथ्या दिवशी बाळ जास्त दमलं, ती घाबरून दुसऱ्या दवाखान्यात गेली. तिथं इंजेक्शनं सुरू झाली, सहाव्या दिवशी बाळ सुधारलं, कारण ते सुधारणारच होतं. श्रेय इंजेक्शनला गेलं आणि पुढच्या बाळाच्या वेळी ती पहिल्याच दिवशी इंजेक्शन मागणार. गावच्या गावं अशी शिकत जातात. त्यामुळे मी आता बाळ तपासल्यावर पहिला प्रश्न विचारते, नाक कधी वाहायला लागलं? तो वार धरून पुढचे वार मोजायचे. "ताई, आज सोमवार. बुधवारी हे आत्तापेक्षा जास्त दमेल. घाबरायचं नाही, पण बघत राहायचं. दूध निम्म्यावर आलं, ओठ निळे दिसले, कण्हायला लागलं, मध्येच श्वास थांबल्यासारखा वाटला, तर रात्र असली तरी यायचं." बुधवारी खरंच तसंच झालं की तिचा माझ्यावरचा विश्वास वाढतो.

एक पेच मात्र नियमांनीच उभा केलेला आहे. पाच महिन्यांचं बाळ, दोन दिवस सर्दी, छातीत बारीक शिट्टी, श्वास छप्पन्न. गावपातळीवरच्या तक्त्याप्रमाणे हा न्यूमोनिया, अमॉक्सिसिलिन द्या. ब्राँकिओलायटिसच्या नियमांप्रमाणे हा विषाणू, अँटिबायोटिक देऊ नका. दोन्ही कागद अभ्यासातूनच आलेत. नवीन डॉक्टर इथं गोंधळतात आणि मग बहुतेक जण दोन्हीकडचं सगळंच देऊन टाकतात. मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना सांगते, की नियम वाचताना तो कोणासाठी आणि कुठं बसून लिहिला ते आधी वाचा. पहिला तक्ता जिथं डॉक्टर नाही तिथल्यासाठी आहे. दहांतल्या सातांना विनाकारण औषध गेलं तरी चालेल, पण खरा न्यूमोनिया सुटता कामा नये, हा त्याचा हिशोब. दुसरा कागद अशा वॉर्डासाठी आहे जिथं ऑक्सिमीटर आहे, रात्रपाळीची सिस्टर आहे आणि दोन तासांनी बाळ पुन्हा बघता येतं.

कराचीच्या गरीब वस्त्यांत झालेली एक चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. श्वास जलद आहे पण धोक्याचं दुसरं कोणतंही लक्षण नाही, अशा मुलांपैकी काहींना अमॉक्सिसिलिन दिलं, काहींना तसंच दिसणारं पण औषध नसलेलं. उपचार फसण्याचं प्रमाण पहिल्या गटात २.६ टक्के, दुसऱ्यात ४.९. औषधाशिवायही शंभरातली पंचाण्णव मुलं बरी झाली. पण शंभरामागे दोन-अडीच मुलांचा फरक पडलाच. हे आकडे मी पुन्हा पुन्हा बघितले आहेत. ज्या वाडीत आशाताईखेरीज कोणी नाही तिथं तक्त्याप्रमाणे औषध द्यावं, त्यात तडजोड नको, या मताला मी आले आहे. माझ्यासमोर मांडीवर असलेल्या, शिट्टी वाजणाऱ्या, हसऱ्या बाळाला मी ते देत नाही. थांबवून ठेवते, एका तासानं पुन्हा मोजते. लसीकरणामुळे हे धाडस करणं पूर्वीपेक्षा सोपं झालंय. हिब जिवाणूवरची लस पेंटाव्हॅलंटमधून मिळू लागली, न्यूमोकॉकसची लस २०२१ पासून आपल्याकडे सरकारी कार्यक्रमात आली. ज्या बाळाच्या लसी वेळेवर झाल्यात त्याचा जलद श्वास जिवाणूंमुळे असण्याची शक्यता कमी. म्हणून लसीकरणाचं कार्ड बघितल्याशिवाय मी चिठ्ठी लिहीत नाही.

मागच्या गळीत हंगामातली एक गोष्ट सांगते. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला आलेलं जोडपं, बाळ चार महिन्यांचं. दिवेलागणीला मुकादमाच्या जीपमधून आले. आई विशीच्या आतबाहेरची, हातावर उसाच्या पाचटाचे ओरखडे. बाळाची नाकपुडी फुललेली, बरगड्यांखाली हलका खड्डा, श्वास बासष्ट. ऑक्सिमीटर पायाच्या अंगठ्याला लावायला गेले तर पाऊल गार पडलेलं. तळहातात धरून ऊब दिली तेव्हा कुठं आकडा स्थिर झाला, त्र्याण्णव. दूध नेहमीच्या निम्म्याहून थोडं जास्त जात होतं. सर्दीचा तिसरा दिवस.

नुसत्या आकड्यांवर गेलं तर हे बाळ घरी पाठवता आलं असतं. अमेरिकन नियमांत नव्वदच्या वर ऑक्सिजन लावण्याचीही सक्ती नाही. पण घर म्हणजे फडाजवळची कोपी. रात्री वाहन नाही, पहाटे चारला आई तोडणीला जाणार, बाळ पाचटावर गोधडीत, शेजारी चूल. 'नाईस'च्या नियमांत एक ओळ आहे, जी लोक घाईत ओलांडून जातात. घरची परिस्थिती काय, सांभाळणाऱ्याला धोक्याची लक्षणं ओळखता येतील का, आणि बिघडलंच तर दवाखाना किती लांब आहे, याचा विचार दाखल करताना करावा. मी बाळाला दाखल करून घेतलं. मुकादम वैतागला. नवरा-बायको मिळून एक कोयता, बाई दवाखान्यात बसली की कोयता बंद. उचल घेतलेली, ती फिटायची कशी? हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. बापानं भावकीतल्या कोणाला तरी जोडीला घेऊन तोडणी चालू ठेवायची असं ठरलं, तेव्हा तो गेला.

आम्ही वाफ दिली नाही, अँटिबायोटिक दिलं नाही. दूध पाजायच्या आधी नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब टाकून नाक साफ करायचं, आईचं दूध वाटीत काढून थोडं थोडं चमच्यानं द्यायचं. दुसऱ्या रात्री, म्हणजे आजाराच्या चौथ्या दिवशी, आकडा अठ्ठ्याऐंशीवर आला. नाकाला नळी लावून ऑक्सिजन सुरू केला. बाळ दमून पिईना, तेव्हा नाकातून पोटात बारीक नळी घालून दूध दिलं. आईला मी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, की हे उद्या होऊ शकतं. ती रडली नाही. सिस्टरकडून घड्याळ मागून घेऊन स्वतः श्वास मोजत बसली, आणि दर वेळी आकडा मोठ्यानं सांगत राहिली. कोपीकडे पाठवलं असतं तर ती रात्र कशी गेली असती, याचा विचार मी करू शकते. आरएसव्हीनं बाळं घरच्या घरी दगावतात, हे मेळघाटात मृत बाळांच्या नाकातले नमुने तपासले तेव्हा दिसून आलंच आहे. साधा विषाणू आहे म्हणून औषध नको, याचा अर्थ आजार साधा आहे असा होत नाही, हे मी वारंवार सांगत असते.

सातव्या दिवशी ऑक्सिजन सुटला. बाप न्यायला आला, बिलाकडे बघून त्यानं विचारलं, "मॅडम, औषध कोणतं दिलं?" ऑक्सिजन आणि हिचं दूध, मी म्हटलं. त्यानं बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, "खरंय. मी इथंच होते की."

निघताना त्यानं खिशातून एक बाटली काढली. फडावर कोणीतरी दिलेलं खोकल्याचं औषध होतं, लेबल अर्धं फाटलेलं. ते आम्ही ठेवून घेतलं. लहान मुलांना खोकल्याची सिरप देऊ नयेत असं बालरोगतज्ज्ञ कित्येक वर्षं सांगतात. या सिरपनी खोकला लवकर बरा होत नाही आणि सुस्तीनं बाळाचा श्वास मात्र मंदावू शकतो. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखाली देऊ नये असा औषध नियंत्रकांचा आदेश डिसेंबर २०२३ चा आहे. तरी विक्री चालूच राहिली. मग २०२५ मध्ये छिंदवाड्याची मुलं डायएथिलिन ग्लायकॉल मिसळलेल्या सिरपनं मूत्रपिंडं निकामी होऊन गेली, त्यातली कित्येक नागपूरच्या रुग्णालयांत. त्यानंतर केंद्रानं दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं लिहूच नयेत, असं सगळ्या राज्यांना कळवलं. मुलं जावी लागली तेव्हा जुनंच म्हणणं लोकांच्या कानावर पडलं, याचा मला अजून राग येतो. नियम लिहून झाला की काम झालं असं मानणाऱ्यांत शासन आहे, औषध कंपन्या आहेत आणि आम्ही डॉक्टरही आहोत.

ऊसतोडीच्या टोळीत पुढची अडचण अशी, की दोन दिवसांनी दाखवायला या म्हटलं तरी तोवर टोळी दुसऱ्या फडावर, कधी दुसऱ्या तालुक्यात गेलेली असते. तिथला डॉक्टर पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो, रेंगाळलेला खोकला ऐकतो आणि अँटिबायोटिक लिहितो. त्याचीही चूक म्हणता येत नाही, त्याच्यापुढे आजाराचा मागचा इतिहासच नसतो. म्हणून आता आम्ही बाळाबरोबर एक चिठ्ठी देतो. वजन, झालेल्या लसी, दाखल करतानाचे आणि सोडतानाचे श्वास, ऑक्सिजनचा आकडा, दिलेलं आणि मुद्दाम न दिलेलं औषध, आणि आमचा फोन नंबर. नाक वाहायला लागलं ती तारीख सगळ्यात वर लिहायची, मोठ्या अक्षरात, असं सिस्टरांना सांगितलं आहे. दुसऱ्या गावच्या डॉक्टरांचे अधूनमधून फोन येतात. बहुतेक जण त्या तारखेबद्दलच विचारतात.